मूळ झगा पेटीत राहू द्या, अंगात प्रत घाला

1895 च्या आसपासचं एखादं रेशमी बॉडिस, म्हणजे कंबरेपर्यंतचं अस्तर लावलेलं घट्ट जाकीट, उलटं करून पाहावं. बाहेरून जिथे एक टाकाही दिसत नाही, तिथे आत सगळा उघडा कारभार असतो. शिवणींच्या कडा हाताने भराभर गुंफलेल्या, दोरा हाताला लागेल त्या रंगाचा, ताठपणासाठी घातलेल्या पट्ट्यांच्या पिशव्या कशाबशा टाचलेल्या. कंबरेशी इंचभर रुंदीची एक जाड फीत, फक्त पाठीच्या शिवणींना पकडलेली, आणि पुढे तिचा स्वतःचा हूक. काखेत तपकिरी डाग. डागाभोवतीचं रेशीम उभ्या चिरांनी फाटलेलं, ब्लेड मारल्यासारखं. ब्लेड कुणी मारलेलं नसतं. पुष्कळदा ते बॉडिस गेल्या शंभर वर्षांत कुणी अंगात घातलेलंही नसतं. चिरा पेटीत, ठेवल्या जागी पडतात.

असे कपडे आज अंगात घालावेत का, हा प्रश्न युरोप-अमेरिकेत सतत येतो. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या आणि एडवर्डच्या राजवटीतल्या (1901 ते 1910) झग्यांचा बाजार आहे, हौशी मंडळी आहेत, त्या काळच्या पोशाखातले चहापान आणि नाचाचे कार्यक्रम आहेत. विक्रेते कपड्याच्या वर्णनात ‘घालण्याजोगा’ असा शेरा मारतात आणि त्या शेऱ्यावर किंमत वाढते. घालणाऱ्यांचं म्हणणं साधं आहे: कपडा घालण्यासाठीच शिवला होता, खोक्यात पडून तो मेल्यासारखाच, शिवाय पैसे मोजले त्याची मालकी. हे म्हणणं ऐकायला बरं वाटतं. पण ज्याने कात्री, सुई आणि जुनं रेशीम तिन्ही हाताळलंय त्याला ते पटू नये. मूळ कपडा घालू नये, त्याची प्रत शिवावी, आणि प्रत नीट शिवता यावी म्हणून संग्रहालयांनी कपड्याची आतली बाजू लोकांसमोर उघडावी.

मे 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गालाला (तिथल्या संग्रहालयाच्या वार्षिक फॅशन सोहळ्याला) टीव्ही तारका किम कार्दाशियन यांनी मॅरिलिन मन्रोचा 1962 चा झगा घातला, तेव्हा हा वाद घराघरांत पोचला. झग्याला इजा झाली की नाही यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. मालक संस्थेने इजा झाली नसल्याचं सांगितलं. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या पोशाख समितीने मात्र इजेच्या वादात न शिरता भूमिका घेतली की ऐतिहासिक कपडे कुणीच घालू नयेत, मग ती व्यक्ती प्रसिद्ध असो वा नसो. तो झगा तेव्हा साठ वर्षांचा होता. आपण बोलतोय ते त्याच्या दुप्पट वयाच्या कपड्यांबद्दल, आणि त्यातलं रेशीम मुळातच आजारी आहे.

आजाराचं कारण व्यापारी आहे. कोषातून काढलेल्या कच्च्या रेशमावर नैसर्गिक डिंक असतो. तो उकळून काढला की रेशीम मऊ आणि चकचकीत होतं, पण वजनात जवळजवळ पावपट घट येते. रेशीम विकलं जायचं वजनावर. मग ही घट भरून काढायला, आणि पुढे भरून काढण्याच्या कितीतरी पलीकडे, ते कथिलाच्या क्षारांच्या द्रावणात बुडवायला लागले. काळ्या रेशमाला लोह आणि टॅनिन. असं ‘भारलेलं’ रेशीम हाताला जड लागतं, झोक छान घेतं, चालताना सळसळतं. एडवर्डच्या काळातल्या टॅफेटाच्या (कडक रेशमी कापडाच्या) परकरांचा तो प्रसिद्ध आवाज बराचसा कथिलाचा होता म्हणा ना. पण तोच क्षार तंतूला आतून ठिसूळ करतो. उजेड, दमट हवा आणि घामातलं मीठ हे काम आणखी लवकर उरकतात. घडीच्या रेषेवर धागे तुटतात आणि चीर उभी धावत जाते. याला रफू नाही. रफूचा टाका घ्यायला शेजारी धड धागा हवा, इथे शेजारचाही तितकाच मेलेला असतो. शिवणीतून सुटलेला एखादा धागा जाळून पाहिला तर साधं रेशीम आक्रसून चुरगळणारी काळी गोळी होते. भारलेल्या रेशमाची राख धाग्याच्या आकारातच उभी राहते. ती राख एकदा पाहिली की ‘एकच संध्याकाळ तर घालायचंय’ हे वाक्य तोंडातून निघत नाही.

दुसरी अडचण कापाची आहे, आणि ती धडधाकट सुती किंवा लोकरी कपड्यालाही लागू पडते. त्या काळचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल, लहान आणि उंच असतो, काखेत जवळजवळ रुतणारा. पाठ अरुंद, खांद्याची शिवण खांद्यावर नसून मागे पाठीवर उतरलेली. हा काप खांदे मागे घेऊन उभ्या राहणाऱ्या, कॉर्सेट (पट्ट्यांनी ताठ केलेला, नाडीने धड आवळणारा आतला कपडा) घातलेल्या एका विशिष्ट बाईच्या मापाचा आहे. आजची बाई मोबाइल आणि कीबोर्डवर वाकलेली, तिचे खांदे पुढे आलेले. कंबर, छाती मापाला बसली तरी तिने फोटोसाठी हात उचलला की सगळा ताण पाठीच्या मुंढ्यावर येतो आणि शिवण नव्हे, कापड जातं. शिवण गेली असती तर परत घालता आली असती. कॉर्सेटशिवाय घातलं तर आणखी वाईट: पुढच्या हुकांवर येणारा जो ताण कॉर्सेटने आणि आतल्या कंबरफितीने उचलायचा, तो थेट जुन्या कापडावर पडतो.

घालणाऱ्यालाही त्यात धोका असतो, हे कमी बोललं जातं. कसर लागू नये म्हणून जुन्या संग्रहांतल्या कपड्यांवर आर्सेनिकपासून डीडीटीपर्यंत काय काय मारलेलं असू शकतं. घामाने ओल्या कातडीला ते लावून घ्यायची गरज नाही.

अपवाद आहेत का? आहेत. धातूच्या वस्तू (कमरेचं बकल, ब्रोच, हॅटपिन) घाला. त्यांना घामाचं फारसं काही वाटत नाही. सुटी, वार-वारने मिळणारी यंत्राची लेस भक्कम असेल तर नव्या कपड्याला लावायला हरकत नाही. पण लेस हवी म्हणून अख्खा 1905 चा पांढरा ब्लाउज उसवणं याला हौस म्हणत नाहीत. पांढऱ्या सुती कपड्यांच्या बाबतीत समोरच्या बाजूचा मुद्दा सर्वांत मजबूत आहे, ते मान्य करायला हवं: सूत भारलेलं नसतं, उकळत्या पाण्यात धुण्यासाठीच शिवलेलं असतं, आणि असे परकर, शेमीज (अंगालगत घालायचे सैल झगे) अजून ढिगाने मिळतात. तरीही ज्या गोष्टी ढिगाने मिळतात त्याच सगळ्यांत आधी संपतात, कारण त्या जपाव्यात असं कुणाला वाटत नाही. आणि सुती शेमीजची प्रत तर नवशिक्यालाही दोन दिवसांत शिवता येते, मग मूळ कशाला फाडायचं?

आता प्रतीकडे. ‘प्रत म्हणजे नाटकातला ड्रेस’ हा आक्षेप बहुतेक वेळा खरा ठरतो, पण त्याचा दोष प्रतीचा नाही. लोक वरून शिवायला सुरुवात करतात. 1890 ते 1910 या काळातला कोणताही पोशाख आतून बाहेर बांधला जातो; आधी शेमीज, मग कॉर्सेट, मग कंबरेमागची गादी आणि परकर, आणि या सगळ्यावर माप घेऊन स्कर्ट, शेवटी बॉडिस. बॉडिस आधी शिवून कॉर्सेट नंतर आणलं तर बॉडिस वाया गेलं असं समजावं. छाती दोन-तीन सेंटिमीटर वर जाते, कंबरेचा आडवा छेद चपट्यापेक्षा गोल होतो, आणि आधी घातलेले चारही डार्ट (आकार देण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या घड्या) चुकीच्या जागी पडतात.

कॉर्सेटला इथल्या बाजारातलं घट्ट विणीचं सुती ड्रिल चालतं, दोन पदरी. कापण्याआधी ते गरम पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करायचं, कारण नंतर आटलं तर कंबरेचाच बळी जातो. एका बाजूला पाच किंवा सहा कळ्या, म्हणजे उभे निमुळते तुकडे. पहिल्या कॉर्सेटला कंबर मूळ मापापेक्षा पाच सेंटिमीटर कमी पुरे. यापेक्षा जास्त आवळण्याचा हट्ट पहिल्या खेपेला करू नये. पाठीमागे नाडीच्या दोन काठांत आणखी पाच सेंटिमीटरची फट राहील असा हिशेब धरायचा. हे दोन्ही काठ बांधल्यावर समांतर दिसले पाहिजेत. फट खाली रुंद आणि वर अरुंद असेल तर नितंबाला माप कमी पडलंय. नाडी आणखी ओढून ते सुटत नाही, कळ्यांना खालून माया (शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड) सोडावी लागते. कंबरेच्या रेषेवर आतून अडीच सेंटिमीटरची न ताणणारी ट्विल फीत दोन पदरांच्या मध्ये घ्यायची. ही फीत विसरली तर दहा-बारा वेळा घातल्यावर कंबर ताणून मूळ मापावर परत येते आणि लोक ड्रिलला नावं ठेवतात.

ताठपणासाठी त्या काळी देवमाशाच्या जबड्यातल्या लवचीक पट्ट्या वापरत, त्या महागल्यावर पोलादाच्या. आज इलेक्ट्रिकच्या दुकानातले आठ-नऊ मिलिमीटर रुंदीचे जाड नायलॉन केबल टाय बरंच काम भागवतात. टोकं गोल घासून घ्यायची, नाहीतर आठवड्याभरात कापडातून बाहेर येतात. पाठीला आयलेटच्या (नाडी ओवायच्या धातूच्या कड्यांच्या) दोन्ही बाजूंना मात्र पोलादी पट्टीच हवी. आयलेटचं भोक पंचने कापू नये, टोच्याने धागे बाजूला सारून करावं. कापलेले धागे ताणाखाली सुटतात आणि आयलेट उपटून येतो. आयलेट दोन-अडीच सेंटिमीटरवर, नाडी एकच, पाच-सहा मीटर लांब, कंबरेशी दोन फास बाहेर ठेवलेली, म्हणजे ओढणं कंबरेपासून होतं आणि बाईला स्वतःला बांधता येतं. पुढचं पोलादी बस्क, म्हणजे कॉर्सेट पुढून उघडायच्या पट्ट्यांची जोडी, उघडण्याआधी नाडी नेहमी सैल करायची. घाईत तसंच ओढलं की बस्कच्या कड्यांशी कापड फाटतं, आणि कॉर्सेटमधली ही सर्वांत त्रासाची दुरुस्ती.

‘पण ते तर बायकांचा छळ करायचं यंत्र होतं’ हे इथे कुणीतरी म्हणणारच. आवळून आवळून सोळा-अठरा इंचांवर आणणाऱ्या होत्या, त्याविरुद्ध तेव्हाच्या डॉक्टरांनी आणि सुधारकांनी लिहिलंही. लंडनमध्ये 1881 साली रॅशनल ड्रेस सोसायटी निघाली. तिने आतल्या कपड्यांचं एकूण वजन सात पौंडांवर, म्हणजे सुमारे 3.2 किलोवर, जाऊ नये असं सांगितलं. सात पौंड ही सुधारकांची मर्यादा होती, यावरून बाकीच्यांच्या अंगावर काय असेल ते कळतं. म्हणून खरा भार समजून घ्यायला कॉर्सेटबरोबर परकरांकडेही पाहावं. आणि फोटोतली ती मुंगीसारखी कंबर? तिच्यात बराच भाग प्रमाणाचा आहे. 1895 ची बाही खांद्यावर फुग्यासारखी, स्कर्ट खाली घेरदार, नितंबावर गादी. मधे कोणतीही कंबर बारीकच दिसणार. उरलेलं काम फोटोग्राफर काचेच्या निगेटिव्हवर करून देत असे. मापाला बसणारं, शेमीजवर घातलेलं कॉर्सेट शिवून पाहिलं की या वादातला निम्मा भाग आपोआप गळतो. उघड्या कातडीवर कॉर्सेट घालून अभिनेत्री कण्हते ते दृश्य पडद्यावर चालतं, कारण तिला शेमीज दिलेलं नसतं आणि कॉर्सेट तिच्या मापाचं नसतं.

स्कर्टकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. 1895 च्या सात कळ्यांच्या स्कर्टचा घेर खाली चार मीटरच्या आसपास असतो, पण कंबरेला पुढे एकही चुणी नसते. सगळी भरती मागच्या दोन कळ्यांत. प्रत्येक कळीची पुढची कड उभ्या धाग्यावर आणि मागची उरेब (धाग्याला तिरपी कापलेली), आणि शिवताना शेजारच्या दोन कळ्यांची उभी कड उरेब कडेला जोडायची. दोन उरेब कडा एकमेकींना जोडल्या तर शिवण लोंबते, पाण्याच्या लाटेसारखी. कळ्या जोडल्यावर स्कर्ट दोन दिवस टांगून ठेवायचा. उरेब भाग खाली ओघळू द्यायचा. मगच तळ सारखा करून कापायचा. तळाला आतून वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीची कॅनव्हासची किंवा खळ दिलेल्या सुती कापडाची पट्टी. तिच्याशिवाय घेर चालताना पायांत अडकतो. त्याखाली लोकरी वेणीची फीत, कापडाच्या दोन मिलिमीटर खाली डोकावणारी, म्हणजे रस्ता तिला खातो, स्कर्टला नाही. झिजली की उसवून नवी लावायची. पॉलिएस्टर सॅटिन हे सगळं करून घेत नाही: वाफेने आटत नाही, इस्त्रीचा वळ घेत नाही, अंगाला चिकटतं. त्याच पैशांत सुती पॉपलीन किंवा हलकं लोकरी सूटिंग घ्यावं.

बॉडिसबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. वरचं कापड आणि अस्तर वेगवेगळं शिवून आत-बाहेर उलटवायचं नाही. प्रत्येक तुकडा अस्तरावर पसरून कच्च्या टाक्याने जोडायचा आणि ते दोन पदर एकच कापड समजून शिवायचे. म्हणूनच मूळ बॉडिसची आतली शिवण उघडी दिसते. माया कंबरेपाशी कातरून घ्यायची, नाहीतर तिथे आडव्या सुरकुत्या पडतात आणि शिवणारा बिचारा बाजूची शिवण आवळत बसतो. हाताने शिवलेलंच खरं, असा एक सोवळेपणा या छंदात आहे. त्याला आधार नाही. 1890 पर्यंत शिलाई मशिन मध्यमवर्गीय घरांत पोचलेलं होतं, लांब शिवणी मशिनवरच होत, हात लागत ते कडा गुंफायला, हूक आणि काज करायला. घरगुती मशिनवर झिगझॅग तेव्हा नव्हता, एवढं पथ्य पाळलं की पुरे.

मग हे सगळं लोकांना कळतं कुठून? मूळ कपड्यांवरून. म्हणूनच घालणारे आणि नुसतं कोंडून ठेवणारे या दोघांशीही भांडण आहे. ब्रिटिश अभ्यासक जॅनेट आर्नल्ड यांनी 1960 च्या दशकात संग्रहालयांतले कपडे मोजून, एक-अष्टमांश प्रमाणात ग्राफवर त्यांचे काप काढून छापले, आणि आज जगभर या काळाचं जे चांगलं शिवणकाम होतं त्यातलं पुष्कळसं त्या कागदांवर उभं आहे. लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम ऑफ आर्टने आपल्या काही जुन्या पोशाखांचे काप मोफत उतरवून घ्यायला दिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने 2025 मध्ये पूर्व लंडनमधलं आपलं भांडार उघडलं. तिथे आधी मागणी नोंदवली की वस्तू समोर टेबलावर आणून दाखवतात. हे अपवाद आहेत. बहुतेक संग्रहालयांच्या पानांवर पुतळ्याला घातलेल्या झग्याचा समोरून एक देखणा फोटो असतो. शिवणाऱ्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

या प्रश्नाचा एक धागा आपल्याकडे येतो, आणि तो ओढून-ताणून आणलेला नाही. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधला ऑक्टोबर 1885 चा एक फोटो सर्वश्रुत आहे: आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. त्यानंतरच्या पंचवीस-तीस वर्षांतल्या मराठी सुधारक घरांतल्या फोटोंत लुगडं आपलं, पण पोलकं पाहा: लांब बाही, उंच गळा, लेस, कधी खांद्यावर फुगा. ही कात्री इंग्लंड-फ्रान्सच्या फॅशनला पाहून चाललेली आहे, पण लुगड्याच्या पदराखाली बसेल अशी. मुंढा किती लहान, बाहीला किती कापड, गळ्याला आत काय घातलं, हूक पुढे की मागे, हे फोटोवरून कळत नाही. त्या काळावरची नाटकं, मालिका करणारे शिंपी मग आजच्या ब्लाउजच्या कापाला लेस लावून मोकळे होतात. त्यांना तरी काय दोष द्यायचा, बघायला दिलंय काय?

आणि ज्या घरांत अशी पोलकी अजून आहेत तिथे त्यांचं होतं ते असं: एखाद्या मंगळागौरीला किंवा लग्नाला हौसेने घातली जातात, मुंढ्यात फाटतात, मग चिंध्यांत जातात. जुन्या पैठणीचं तर विचारूच नका; जरीची कड शाबूत आहे म्हणून कापून तिचे कुर्ते आणि जाकिटं शिवायची टूम आहे, घडीवर विरलेलं रेशीम दोन धुण्यांत नव्या शिवणीपाशी सुटतं आणि मग लुगडंही नाही, जाकीटही नाही.

काप काढायला उसवावं लागत नाही. टेबलावर जुनी धुतलेली चादर चौघडी पसरायची, पोलकं त्यावर ओढाताण न करता ठेवायचं, अंगठ्या-बांगड्या काढून, हात धुऊन. पेन नाही, पेन्सिल. प्रत्येक तुकड्यावर उभा धागा शोधून त्या रेषेवर रंगीत दोरा नुसता ठेवायचा, टाचणी लावायची नाही. त्या दोऱ्यापासून डावी-उजवीकडे दर दोन सेंटिमीटरला माप घेऊन ग्राफवर टिंबं मांडायची आणि जोडायची. शेजारच्या दोन तुकड्यांच्या शिवणीची लांबी जुळते का ते पाहायचं. जुळली नाही तर आपलं माप चुकलंय किंवा तिथे शिंप्याने कापड दाबून घेतलंय, आणि दुसरी शक्यता असेल तर तीच सगळ्यात मोलाची नोंद. मग मांजरपाटात कच्चं शिवून मूळ कपड्याशेजारी ठेवायचं. आतल्या बाजूचे सात-आठ फोटो: गळा, मुंढा, काख, हुकांची पट्टी, बाहीचं टोक, कंबर, शिवणीची कड, आणि एका इंचात किती टाके ते पट्टी ठेवून. दोन माणसांचं एका दिवसाचं काम आहे. राज्यातल्या ज्या संग्रहालयांत आणि घरांत 1880 ते 1920 मधली पोलकी असतील, त्यांनी वर्षाला चार जरी अशी नोंदवून खुली केली तरी शिवणाऱ्याला पुढच्या वेळी फोटोकडे डोळे बारीक करून बघत बसावं लागणार नाही.